पितृपक्षातला ब्राउझर

आमच्या घरात ब्राउझर बदलायला पाच दिवस, दोन घरं आणि कंपाउंडची एक भिंत लागली. एवढं करून तो शेवटी कामाला आला नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी माझी योग्यता सांगतो. मी अमरावतीजवळच्या एका सूतगिरणीत स्टोअरकीपर आहे. गिरणीत पहिला संगणक आला तेव्हा त्याचं बटण कोणी दाबायचं, म्हणून सगळे एकमेकांकडे पाहत उभे होते. मी दाबलं. त्या दिवसापासून गिरणीत, घरात आणि सासुरवाडीत मला संगणकातला माणूस समजतात. (तो बंद कसा करायचा, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. पण तोवर कीर्ती पसरली होती.)

माझी बायको माधुरी गणिताची शिक्षिका. तिच्या शिक्षण संस्थेच्या शाळा वऱ्हाडभर आहेत. नोकरी लागली अमरावतीला, आणि आठ वर्षांपूर्वी संस्थेनं तिला उचलून अकोल्याला टाकलं. तिथं ती खोली घेऊन राहते, शनिवारी संध्याकाळी घरी येते आणि सोमवारी पहाटे मी तिला स्कूटरवर बडनेरा स्टेशनला सोडतो. गाडी हलली की ती खिडकीतून म्हणते, "गॅस बंद करत जा." मी म्हणतो, "हाओ." आठ वर्षांत त्या फलाटावर आम्ही यापलीकडे काही बोललो नाही. पण रिकामी स्कूटर घेऊन परत येताना तोच रस्ता दुप्पट लांब वाटतो, तेही आठ वर्षांत कधी बदललं नाही.

तर यंदा भाद्रपदात अमरावतीच्या शाळेत गणिताची जागा रिकामी झाली. एकच. संस्थेनं कळवलं की ज्यांना बदली हवी त्यांनी वेबसाइटवर अर्ज भरावा, मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

रविवारी जेवताना माधुरी म्हणाली, "मी शाळेतूनच भरून टाकू का? दहा मिनिटाचं काम हाय."

"दहा मिनिटात भरलेला अर्ज कच्चा राह्यते," मी म्हणालो. "घरी संगणक हाय, मी हाय. तू फक्त शिकव."

सोमवारी बडनेऱ्याला गाडी हलली तेव्हा तिनं गॅसचं नाव काढलं नाही. खिडकीच्या गजांना धरून म्हणाली, "अर्जाचं पाह्यसान ना?" तिचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही. हिला नुसती बदली नको आहे, हिला घरी यायचं आहे, हे मला त्या फलाटावर आठ वर्षांनी कळलं. मी म्हणालो, "झालंच समज."

संध्याकाळी संगणक लावला. तो तेरा वर्षांचा आहे आणि सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखा आधी कण्हतो. संस्थेची वेबसाइट उघडली. अर्जाच्या जागी तांबड्या चौकटीत मजकूर आला: 'आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया तो अद्ययावत करा किंवा दुसरा ब्राउझर वापरा.'

कोणी म्हणेल, मग करायचा ना! पण आमच्या घरात असं नुसतं काही करता येत नाही. आमच्या घरात आबा आहेत, आणि तेव्हा पितृपक्ष सुरू होता.

आबा म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी. चांदूर रेल्वेला पॉइंट्समन होते. कोणती गाडी कोणत्या रुळावर जाईल, हे त्यांनी तीस वर्षं ठरवलं. रिटायर झाल्यावर गाड्या संपल्या, ठरवणं संपलं नाही. पितृपक्षात नवीन वस्तू घ्यायची नाही, दुरुस्ती चालते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पण नवीन कुठं सुरू होतं आणि दुरुस्ती कुठं संपते, हे फक्त आबांना माहीत असतं. स्कूटरचा टायर चालतो, स्कूटर चालत नाही. चपलेचा पट्टा चालतो, चप्पल चालत नाही. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या ढोल्यांचा फ्रिज बिघडला, तेव्हा आबांनी पहिल्या दिवशी कॉम्प्रेसरला परवानगी दिली, तिसऱ्या दिवशी दरवाजाला आणि पाचव्या दिवशी बॉडीला. ढोल्यांकडे आज तोच जुना फ्रिज कोरा करकरीत उभा आहे.

मी आबांना तांबडा मजकूर वाचून दाखवला.

"ब्राउझर म्हनजे काय व्हय?"

"इंटरनेट पाह्याची खिडकी समजा, आबा."

"तुटली का?"

"जुनी झाली. दुरुस्त करा नाही तं दुसरी बसवा, असं म्हनून राहिले थे."

आबांनी डोळे मिटले. (निकालाच्या आधी ते मिटतात. कधीकधी त्यातच झोप लागते आणि निकाल दुपारनंतर लागतो.) मग उघडून म्हणाले, "दुरुस्ती चालते. दुसरी चालत नाही. सर्वपित्री झाल्यावर पाहू."

"सर्वपित्री बुधवारी हाय आबा, पुढच्या. अर्ज या शुक्रवारी."

"मंग दुरुस्ती कर म्हनलं ना लेका! मराठीतच सांगून राहिलो."

मी स्वतः हे काही मानत नाही. पण आठ वर्षांनी एक जागा निघाली होती. उद्या ती हुकली, आणि का हुकली हे शोधताना घरातल्या कोणाला पितृपक्ष सापडला, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. म्हणून मी दुरुस्तीचा मार्ग धरला.

मंगळवारी गिरणीतून आल्याबरोबर ब्राउझर अद्ययावत करायला लावला. एक निळी पट्टी हळूहळू सरकू लागली. आबा शेजारी खुर्ची घेऊन बसले आणि दर टक्क्याला मला टक्का सांगू लागले. त्रेसष्टवर लाइन गेली, पंख्यासकट. बुधवारी पुन्हा शून्यापासून सुरुवात केली. या वेळी पट्टी पूर्ण शंभरापर्यंत गेली, आबा "आला सिग्नल!" म्हणून उठले, आणि पडद्यावर आलं: 'या संगणकावर पुढची आवृत्ती चालणार नाही.' हे त्याला एक टक्क्यावर असतानाही माहीत असणार. पण सांगितलं शंभरावर.

तेवढ्यात माधुरीचा फोन.

"झालं का अर्जाचं?"

"होऊन राहिलं."

"होऊन राहिलं म्हनजे?"

"तांत्रिक काम सुरू हाय. तुले फोनवर समजनार नाही."

"काहो, मी भरून टाकू का इकडून?"

"नोको! दोन ठिकाणाहून भरला तं दोनी रद्द होतात." (हा नियम मी त्याच क्षणी केला.)

ती म्हणाली, "बरं." बरं या शब्दात तिनं आठ वर्षं भरली होती. मला जेवण गेलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी मी अंगणात डोकं धरून बसलो होतो, तेव्हा भिंतीपलीकडून गवई साहेबांनी विचारलं, "काय दिनूभाऊ, कोनाचं काही झालं का?"

गवई साहेब आमचे शेजारी, टेलिफोन खात्यातून निवृत्त. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला, तेव्हापासून त्यांच्या घरी पितृपक्ष नाही. गवई साहेब मोठ्या वस्तू मुद्दाम याच पंधरवड्यात घेतात, कारण दुकानदार रिकामा असतो आणि खुर्ची देतो. मागच्या वर्षी त्यांनी वॉशिंग मशीन आणली आणि आमच्या फाटकासमोरून अगदी सावकाश नेली. आबा आणि ते चाळीस वर्षं रोज चहावर भांडतात. त्या मशीनमध्ये पहिलं धोतर आबांचं धुतलं गेलं.

मी सगळी हकिकत सांगितली. ते म्हणाले, "एवढंच ना? दुसरा ब्राउझर टाका. हलका मिळते. माह्या जुन्या डब्ब्यावर पळून राहिला. नाही तं माह्याच संगणकावर भरा ना अर्ज!"

तिथंच गोची होती. संस्थेच्या वेबसाइटचा पासवर्ड माझ्या संगणकात, माझ्या जुन्या ब्राउझरमध्ये साठवलेला होता. तो तिथं आपोआप भरला जायचा, त्यामुळे मला पाठ नव्हता, आणि माधुरीला विचारावा तर तांत्रिक काम कुठवर आलं ते सांगावं लागलं असतं. (पासवर्ड पाठ करावा लागू नये हीच तर संगणकाची गंमत, असं मी गिरणीत अनेकांना शिकवलेलं आहे.) म्हणजे नवा ब्राउझर माझ्याच संगणकात यायला हवा होता, आणि त्याला आबांची परवानगी नव्हती.

गवई साहेब भिंतीजवळ आले आणि अंगणात बसलेल्या आबांना हाक मारली. "आबा, एक सांगा. तुमचा नियम घराले हाय का मानसाले?"

आबांनी डोळे मिटले. "घराले."

"मंग दिनूभाऊचा संगणक माह्या घरी येऊ द्या. नवा ब्राउझर माह्या घरात बसंन. तिथं कुठं आले तुमचे पितर?"

"आलेच तं चहा पाजजा," आबा म्हणाले. परवानगी मिळाली.

फाटकातून गवई साहेबांचं घर वीस पावलांवर आहे. पण फाटकातून संगणक नेला असता तर गल्लीनं विचारलं असतं, म्हणून मी स्टुलावर चढून तो भिंतीवरून दिला. त्यामुळे गल्लीला तो सगळ्यांच्या घरातून नीट दिसला. "इकला का?" ढोल्यांनी गच्चीवरून विचारलं. "दुरुस्तीले चालला," आबांनी उत्तर दिलं. ढोले समजले.

गवई साहेबांच्या घरी नवा ब्राउझर चार मिनिटांत बसला. मंगळवारपासून मी ज्याच्यासाठी झुरत होतो ते चार मिनिटांचं काम होतं, हे पाहून मला आनंद व्हायच्या आधी रागच आला. मग नव्या ब्राउझरनं अदबीनं विचारलं: 'जुन्या ब्राउझरमधले पासवर्ड वगैरे इकडे आणायचे का?' खाली दोन बटणं होती, 'आणा' आणि 'नंतर'.

"आना म्हना आन् घ्या आटपून. मी चहा ठेवतो," म्हणून गवई साहेब आत गेले.

मी बोट उचललं, आणि भिंतीपलीकडून आबा ओरडले, "थांब रे दिनू! हा परत आपल्या घरी येईन तवा?"

याचा विचार कोणीच केला नव्हता. संगणक जाताना जुना गेला होता. येताना त्याच्या पोटात नवीन वस्तू असणार होती!

मी खिडकीतून विचारलं, "मंग काय करू आबा?"

आबांनी डोळे मिटले. या वेळी बराच वेळ लागला, मला झोपेची शंका आली. पण निकाल आला, आणि तो ढोल्यांच्या फ्रिजवर बेतलेला होता. "जुना काहाडून त्याच जागी नवा बसवला तं ते दुरुस्ती. जुना तसाच ठेवून वरून नवा घेतला तं ते खरेदी. आधी जुना काहाड, मंग घरात आन."

आठ वर्षांनी निघालेली जागा मी एवढ्याशा कामासाठी अडवून ठेवणार नव्हतो. 'नंतर' हे बटण दाबलं आणि जुना ब्राउझर काढायला घेतला. संगणकानं विचारलं, नक्की काढायचा? मी म्हटलं, हो. त्यातली साठवलेली माहितीही पुसायची? मी म्हटलं, हो. आबांची दुरुस्ती अर्धवट राहायला नको. जुना ब्राउझर गेला.

गवई साहेब दोन कप घेऊन बाहेर आले. "आनले ना पासवर्ड?"

"नंतर आणतो."

त्यांनी दोन्ही कप टेबलावर ठेवले. एकेक करून, सावकाश. मग विचारलं, "कुठून?"

हा प्रश्न मला तोपर्यंत पडला नव्हता.

शुक्रवारी मी सुट्टी टाकली. सकाळी संगणक भिंतीवरून, दुरुस्त होऊन, घरी आला. वेबसाइट झोकात उघडली, तांबडी चौकट गेली होती. तिनं फक्त पासवर्ड मागितला. मी माधुरीचं नाव टाकलं, चूक. लग्नाचं साल टाकलं, चूक. पुण्याला शिकणाऱ्या पोरीचं नाव टाकलं, चूक. आबांचं नाव आबांच्या आग्रहावरून टाकलं, चूक. विचार करकरून चौथी चूक केली तोवर दुपारचे तीन वाजले होते. मग मजकूर आला, की आता नोंदवलेल्या मोबाईलवर सहा अंक पाठवू, ते दोन मिनिटांत भरा. मोबाईल माधुरीचा. आणि तिच्या शाळेत सगळ्या मॅडमांचे मोबाईल शाळा सुटेपर्यंत मुख्याध्यापिकेच्या कपाटात असतात.

मी अकोल्याला शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका बाईंनीच उचलला.

"मी माधुरी मॅडमचा मिस्टर. तिच्या मोबाईलवर सहा अंक आले असतीन, थे पाह्यजे होते."

"सीरियस आहे का काही?"

"हो," मी म्हणालो. ते खरंच होतं.

बाई भल्या. त्यांनी किल्ली शोधली, कपाट उघडलं, तेरा मोबाईलमधून माधुरीचा ओळखायला शिपाई काकांना बोलावलं. काकांनी चष्मा शोधला. "पाच... दोन... हा आठ हाय का तीन?" इथवर येईस्तोवर दोन मिनिटं संपली. दुसऱ्यांदा पाच अंक आले आणि तास संपल्याची घंटा वाजली. ती थांबली तेव्हा दोन मिनिटंही संपली होती. तिसऱ्यांदा सगळे सहा अंक वेळेत आले. घाईत मी दोनदा चार दाबला. पडद्यावर आलं: 'या संगणकावरून आज आणखी प्रयत्न करता येणार नाहीत.'

चार वाजले तरी बाहेर लख्ख ऊन होतं. मी खुर्चीत बसून राहिलो. मला सोमवारची खिडकी दिसत होती आणि "अर्जाचं पाह्यसान ना?" ऐकू येत होतं. दहा मिनिटांचं काम तिनं करते म्हटलं होतं. मी पाच दिवस घेऊन ते बुडवलं होतं, आणि पुढची जागा कधी निघेल हे कोणी सांगू शकत नव्हतं. मला माझी लाज वाटली.

आबा आले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"हुकवलं आबा मी."

"आपन दोघायनं," ते म्हणाले. "फोन लाव तिले. खरं सांग."

पुन्हा शाळेत फोन लावला. बाईंनी माधुरीला वर्गातून बोलावून घेतलं. ती धावत आली असावी, तिला धाप लागली होती.

"काहो, आबा बरे हायेत ना?"

"बरे हायेत. माधुरी, अर्ज गेला नाही." आणि मी सगळं सांगून टाकलं. त्रेसष्ट टक्के, गवई साहेब, भिंत, दुरुस्ती का खरेदी, जुना काढला ते, पासवर्ड गेला ते. मी केलेला दोन ठिकाणांचा नियमही सांगितला.

मग तिनं विचारलं, "भिंतीवरून?"

"हो."

"अख्खा संगणक?"

"पडदा सोडून."

"फोन ठेवा," ती म्हणाली. "आन् आता पाच वाजेपर्यंत दोघंही कायलेच हात लावू नका."

तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसलो. आबांनी एकदा पंखा लावायला हात उचलला आणि परत खाली घेतला. चार वीसला तिचा मेसेज आला: 'भरला.' आबांनी डोळे पुसले आणि दोष चष्म्याला दिला. मी पुसलेच नाहीत.

संध्याकाळी मी तिला विचारलं, "कोणत्या ब्राउझरवर भरला?"

"पाह्यलं नाही," ती म्हणाली. "ऑफिसातल्या संगणकावर जो उघडा होता त्याच्यावर."

दिवाळीनंतर माधुरी अमरावतीच्या शाळेत रुजू झाली. सहा जणींचे अर्ज होते. कोणाचं वय, कोणाचं आजारपण, कोणाची लहान लेकरं. त्यांतून हिचा अर्ज पहिल्याच बैठकीत मंजूर झाला याचं मला नवल वाटत होतं. परवा तिनं बदलीचा हुकूम फाइलला लावायला दिला. त्याला अर्जाची प्रत जोडलेली होती. तिसऱ्या पानावर एक रकाना होता: 'बदलीची निकड एका वाक्यात लिहा.' मी जरा सावरून बसलो. आठ वर्षांची ताटातूट असेल, आबांचं वय असेल, कदाचित (इथं मला थोडं भरून आलं) मी असेन.

मी होतो. माधुरीनं लिहिलं होतं: 'घरी पती व सासरे दोघेच असतात आणि त्यांच्याजवळ संगणक आहे.'

बाजूला संस्थेच्या सचिवांचा शेरा होता, तांबड्या शाईत: 'निकड मान्य. तात्काळ रुजू करून घ्यावे.'